उघाडी

आमचे नाना माती चाखतात. चोरून नव्हे, चारचौघांत. डाव्या तळहातावर चिमूटभर घ्यायची, जिभेचं टोक टेकवायचं, डोळे बारीक करायचे, बाजूला थुंकायचं आणि मिशीवरून पालथी मूठ फिरवून निकाल सांगायचा. माती परीक्षणाचा कागद यायला पंधरा दिवस लागतात, नानांचा निकाल जागेवर. कागदावरचे आकडे त्यांच्या जिभेच्या फारसे विरोधात गेल्याचं मला आठवत नाही.

जिभेला हे वळण लागलं ते खालच्या रानामुळे. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठाला आमचं गाव. वरची जमीन मध्यम, खालची काळी आणि भारी. माझ्या लहानपणी पाहुणारावळा आला की आजोबा त्याला आधी खालचं रान दाखवायचे, मग चहा. पुढं पुढं उलटं झालं. पाहुणे चहा पिऊन वरच्या वरच जायला लागले आणि तिकडं न्यायचं कुणी नावच काढेना. चैत्रात पहाटे गेलं तर तिथं दहिवर पडल्यासारखं पांढरं दिसायचं. पाय ठेवला की वरची पापडी कुरकुरत मोडायची आणि आत भुसभुशीत, फुगलेली माती लागायची. काही जागी पांढऱ्याऐवजी काळं, तेलकट, आणि वळवाचा पाऊस झाला की त्यावर चहाच्या रंगाचं पाणी आठआठ दिवस हटून बसायचं. पांढरं ते खारवट, काळं ते चोपण. गावात दोन्हीला मिळून एकच बोललं जातं : रानाला मीठ फुटलंय.

थोरली वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांबरोबर रान बघायला गेली. ती अलिबागच्या खारेपाटातली. तिनं ते पांढरं पाहिलं, वाकून बोटानं उकरलं आणि अगदी सहज विचारलं, "नाना, खांड कुठं पडली?"

नानांना खांड म्हणजे काय ते कळेना. तिला वाटलं, एवढं मीठ दिसतंय म्हणजे कुठंतरी समुद्राच्या बांधाला भगदाड पडलं असणार. मग तिच्या ध्यानात आलं की इथं समुद्र नाही. मध्ये अख्खा सह्याद्री आहे. ती ओशाळली, आम्ही हसलो. नाना मात्र हसले नाहीत.

खारेपाटात शेत म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. मातीचे बांध घालायचे, भरती बाहेर ठेवायची, आत भात पिकवायचा. याच जमिनींच्या खंडापायी चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमीन कसायचीच नाही असा संप केला होता, यावरून त्या चिखलाची किंमत कळावी. बांधाला उधाणात खांड पडली की एका रात्रीत खाडी शेतात. वहिनीच्या सांगण्याप्रमाणं मग दोनतीन वर्षं भात नाही. पण नुसतं बसूनही राहत नाहीत. खांड बुजवतात आणि पावसाची वाट बघतात. रायगडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, तो येतो आणि रान धुतो. धुतलेलं पाणी बाहेर जायला बांधात झडप असलेली मोरी असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून निघून जातं. तिला म्हणतात उघाडी. गोव्यातल्या खाजन जमिनीत अशाच दाराला मानस म्हणतात.

"तुमच्या रानाला उघाडी कुठाय?" वहिनीनं विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला वीसेक वर्षं लागली.

माझं आजोळ साताऱ्याकडं, वाईच्या अलीकडचं. म्हणजे मी एकाच नदीचं पाणी दोन ठिकाणी प्यालो. आजी घाटावर धुणं धुवायची तेव्हा साबणाच्या वडीला असा फेस यायचा की आम्ही पोरं तो ओंजळीत घेऊन उडवायचो. तीच वडी सांगलीकडं आमच्या विहिरीवर नेली की घासून घासून झिजायची, फेस काही धरायची नाही. आई माहेरची डाळ आणि माहेरचं पाणी यांचं कौतुक एकाच वाक्यात करायची, कारण खालच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजायचीच नाही. सासरी नवीन असताना तिला त्यावरून बोलणी बसली होती. दोष पाण्याचा निघाला, पण बोलणी परत घेतात थोडीच.

महाबळेश्वरात कृष्णा उगवते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत 64 किलोमीटरवर. जवळचा समुद्र टाकून ही बाई पूर्वेला वळली आणि सुमारे 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत काळ्या कातळातून पाऊस थोडा चुना, थोडा सोडा, थोडं मीठ विरघळवून तिच्या पदरात टाकतो. नदीचं पाणी गोड म्हणतात ते आपल्या जिभेच्या हिशेबानं. मीठ त्यात असतंच. समुद्र खारट झाला तो बराचसा असाच, नद्यांनी युगानुयुगं आणून टाकलेल्या मालानं, आणि ऊन फक्त पाणी उचलतं, माल तिथंच ठेवतं म्हणून.

मी बँकेत नोकरीला. एकदा, मार्चअखेर संपल्यावरच्या रिकाम्या दुपारी, मी कॅल्क्युलेटरवर एक गणित घातलं. आमच्याकडं उसाला मोकाट पाणी पाजायचे तेव्हा वर्षाकाठी दोन मीटर उंचीचं पाणी सहज रानात जायचं. एकराला ते 80 लाख लिटर होतं. लिटरला पाव ग्रॅम क्षार धरू. झाले दोन टन. म्हणजे दर वर्षी एकरी दोन टन माल आम्ही मोटार लावून, विजेचं बिल भरून रानात ओतत होतो. आता उलट धरू. समजा, एका रात्री एका एकरात फूटभर समुद्र येऊन उभा राहिला. सव्वाबारा लाख लिटर पाणी, लिटरला 35 ग्रॅम मीठ, एकूण 43 टन. कृष्णेच्या गोड पाण्यानं हेच ओझं आणायला बावीस वर्षं पुरतात.

गणित ढोबळ आहे. सगळे क्षार जेवणातल्या मिठाचे नसतात, सगळे रानात राहत नाहीत, काही खाली झिरपतात. शिवाय काळ्या मातीच्या पोटात स्वतःचे जुने क्षार असतात आणि पाण्याची पातळी वर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसे तेही वर चढतात, उन्हानं पाणी उडतं आणि पांढरी काजळी मागं उरते. पण त्या दुपारी मला वहिनीचा प्रश्न आठवला. खांड पडली होती, फक्त ती पडायला बावीस वर्षं लागली, आणि फावडं आमच्याच हातात होतं.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. नीरेचा डावा कालवा 1880 च्या दशकात वाहू लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवरची पुस्तिका काढली ती 1910 साली. म्हणजे पाणी येऊन पंचवीसेक वर्षं झाली तोवर बारामतीकडच्या जमिनी पांढऱ्या पडून त्यावर अभ्यासही झाला होता. आमच्याकडं कराडजवळ खोडशीचा बंधारा आणि त्यावरचा कृष्णा कालवा त्याही आधीचा. पण खरं पाणी चढलं ते सहकाराच्या काळात, उपसा योजनांनी. कृष्णेतून पाणी उचलून कोसभर लांबच्या माळावर पडलं तेव्हा गुलाल उधळला गेला, पाइपाच्या तोंडाशी नारळ फोडले. मी त्या माणसांना नावं ठेवणार नाही. त्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला होता, खडी फोडली होती. ज्याच्या घशाला कोरड पडलीय त्याला जास्त पिऊ नको म्हणून सांगणारा दुष्टच वाटतो. नाना रात्री बारा वाजता कंदील घेऊन दारं धरायला जायचे तेव्हा रान पाण्यानं डबडबलेलं बघून त्यांना जे समाधान व्हायचं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. कमी पाण्यात रान भिजतं हे त्यांना पटायला रान जावं लागलं.

ऊस आधी रडायला लागला. पानं कडेनं करपायची, खोडवा विरळ फुटायचा, मध्येच एवढाल्या जागा मोकळ्या. उसाचं असं असतं की तो खारटपणाला लवकर कुरकुरतो पण जीव लवकर सोडत नाही. सोयाबीनचा स्वभाव उलटा. मातीचा खारटपणा विजेच्या वाहकतेवरून मोजतात, त्याचं माप डेसीसायमन प्रति मीटर. उसाचं उत्पन्न 1.7 च्या पुढं घसरायला लागतं, पण हळूहळू. सोयाबीन पुस्तकाप्रमाणं 5 पर्यंत ताठ उभं राहतं आणि तिथून पुढं एकेका अंकाला पाचवा हिस्सा गमावतं. आमच्या खालच्या रानात मधल्या पट्ट्याचा आकडा 9 आला होता. तिथं पाचवा हिस्सा उरला तरी नशीब.

सोयाबीन आमच्याकडं पाहुण्यासारखंच आलं. गांधीजींनी 1935 साली 'हरिजन'मधून त्याची तरफदारी केली होती, पण आमच्या आजीपर्यंत ते पोचायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. कुणीतरी कौतुकानं दिलेल्या पायलीभर दाण्यांची तिनं उसळ केली. घरात ती कुणी खाल्ली नाही, म्हैससुद्धा हुंगून बाजूला झाली असं आई सांगते (म्हशीचं मला खरं वाटत नाही). खाण्यापेक्षा विकायला म्हणून मग ते रुजलं. मृगात पेरलं की दसऱ्याच्या आसपास पैसा, रान मोकळं, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र. आडसाली उसाच्या मध्ये श्वास घ्यायला एक हंगाम. आमचं भाग्य असं की आमच्याच मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि सोयाबीनचे वाण तिथं तयार होतात. बियाण्याच्या पिशवीवर 'केडीएस 726' असं काहीतरी कोड्यासारखं छापलेलं असतं, त्यातलं के आणि डी म्हणजे कसबे डिग्रज. तोच फुले संगम, तांबेऱ्याला दाद न देणारा. कृष्णाकाठच्या दमट हवेत तांबेरा पडला की सोयाबीनचं शेत आठवड्यात विस्तव लागल्यासारखं होतं, त्यामुळं या वाणावर आमच्याकडच्या लोकांचा जीव.

पण वाण रोगाला टिकतो, मिठाला किती टिकणार. पहिल्या वर्षी खालच्या रानात आम्ही पेरलं ते निम्मं उगवलंच नाही. सोयाबीनचा कोंब जमिनीतून वर येताना मान वाकवून, पाठीनं माती ढकलत येतो आणि बाहेर आल्यावर मान सरळ करून दोन जाड दळं उघडतो. चोपण जमिनीची वरची साय वाळली की फरशीसारखी होते. नानांनी खुरप्यानं एक पापडी उचलून दाखवली. खाली सात-आठ कोंब होते, पिवळे, मान मोडलेले. एखाद्याला खोलीत कोंडलं आणि तो दार वाजवून वाजवून गेला, तसं काहीतरी. नानांनी पापडी होती तशी परत ठेवली. का ठेवली कोण जाणे.

त्यानंतर आम्ही जिप्सम टाकलं. शहाणपण असं ऐकलं होतं की चोपणाला जिप्सम औषध. आहेच. मातीच्या कणांभोवती पंगत बसलेली असते, त्यात सोडियमनं जागा अडवून ठेवलेल्या असतात, त्यामुळं माती गच्च होते. जिप्सममधला कॅल्शियम येतो आणि सोडियमला उठवून त्याच्या पानावर बसतो. इथवर आम्हाला सांगणाऱ्यानं सांगितलं. उठवलेला पाहुणा मांडवाबाहेर जायला दार नसेल तर तो तिथंच घुटमळतो आणि पुन्हा पानावर बसतो, हे सांगायचं राहून गेलं. दोन ट्रॉली जिप्सम गेलं, वर ताग गाडला, कारखान्याचं प्रेसमड टाकलं. पुढच्या चैत्रात रान पुन्हा पांढरं.

11 मार्च 2011 ला मी साताऱ्यात होतो. बँकेतल्या टीव्हीवर जपानचं दृश्य वारंवार दाखवत होते : सेंदाईच्या सपाट मैदानावर काळं पाणी घरं, गाड्या, जळते ओंडके उचलून शेतांवरून सरकत चाललंय आणि त्याच्यापुढचे चौकोन अजून नीटनेटके आहेत. सगळे माणसांसाठी हळहळत होते, मीही. पण माझी नजर त्या चौकोनांवर. सुमारे 24 हजार हेक्टर शेतजमीन त्या दिवशी समुद्राखाली गेली. त्यांनी पुढं काय केलं हे मी नंतर मिळेल तिथून वाचत राहिलो, जसं एखाद्याच्या घरी आपल्यासारखं दुखणं निघालं की आपण चौकशी करत राहतो. आधी राडारोडा उचलला. मग, रान धुवायच्याही आधी, पाणी बाहेर टाकणारे पंप आणि चर दुरुस्त केले, कारण भूकंपानं ती किनारपट्टी खचली होती आणि पाणी आपोआप बाहेर जाईना. दार दुरुस्त झाल्यावर गोडं पाणी शेतात भरायचं, कालवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. पुढं भातखाचरं पिकायला लागली आणि पाळीपाळीनं भाताच्या जागी सोयाबीनही. मियागी हा त्यांचा सोयाबीनचा मोठा प्रांत, सोयाबीनपासून होणारी सेंदाईची मिसो तर शतकांपासून नावाजलेली. त्यांना सोयाबीन परत आणायचं होतं म्हणजे जेवणाच्या ताटातली वाटी परत आणायची होती. आम्हाला सोसायटीचा हप्ता भरायचा होता. कारणं वेगळी, मीठ तेच.

मी नानांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे त्येंनी आदी उघाडी केली."

आमची उघाडी जमिनीखालून जायची होती. या भागात ते तंत्र नवं नव्हतं. पलीकडं शिरोळला श्री दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून गावंच्या गावं या कामाला लावली, तिथं पडीक गेलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिलेला आम्ही जाऊन पाहिला. 80 मिलिमीटर व्यासाचा, घडीदार अंगाचा, बारीक छिद्रं पाडलेला पाइप; त्यावर कापडासारखी गाळणी गुंडाळलेली, म्हणजे पाणी आत येईल, माती नाही. सव्वा मीटर खोल चर काढून, दर पंचवीस मीटरला एक ओळ, चरात अगदी थोडा उतार. सगळ्या ओळी एका जाड पाइपाला मिळतात, आणि तो पाइप ओढ्यात सोडायचा.

ओढ्यात सोडायचा, हे लिहायला अर्धी ओळ लागली. करायला दोन वर्षं. आमचं रान आणि ओढा यांच्यामध्ये चार जणांची रानं. त्यातले दोघे भावकीतले, म्हणजे अवघड काम. एकाचं म्हणणं, तुमचं मीठ माझ्या रानातनं का जाऊ देऊ? पाइप बंद आहे, थेंबही सांडणार नाही, हे सांगून पटेना. दुसऱ्याशी बांधावरून 1988 पासून बोलणं नव्हतं. तिसरा म्हणाला, मलाही जोडून घ्या, पण पैसे सुगीनंतर. आणि ओढा म्हणजे तरी काय, नकाशात ओढा, जाग्यावर पाणकणसाचं बेट आणि वेडी बाभूळ, कुणीकुणी तर नांगरून त्यात ऊस केलेला. नाना एका रात्री जेवताना म्हणाले, "पाणी आणायला समदं गाव यतंय. घालवायला कुत्रं यत न्हाय." या एका वाक्यात आमच्या जिल्ह्याचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे असं मला वाटतं. पाणी आणलं त्यांचे पुतळे झाले. चर काढणाऱ्याचं नाव ऐकलंय कुणी?

शेवटी दुखणं वाढलं तेव्हाच माणसं जवळ आली. मीठ बांध ओलांडून त्यांच्याही रानात फुटलं. 2018 च्या उन्हाळ्यात पाच घरांनी मिळून ओढा उकरला आणि पाइप घातले. ज्यानं काम घेतलं त्यानं दोन ओळींचा उतार उलटा धरला, ते पहिल्या पावसात कळलं आणि भांडून पुन्हा उकरून घ्यावं लागलं. त्या जूनमध्ये ओढ्याच्या काठी पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडायला लागली. गढूळ नव्हती, नितळ. नानांनी ओंजळ धरली, ओठ लावले आणि जन्माचं वाईट तोंड केलं. "मिठागार हाय निस्तं!" म्हणाले, आणि हसले. इतक्या आनंदानं थुंकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहिनीनं घरातनं हळदीकुंकू आणून पाइपाला लावलं आणि तेव्हापासून घरात त्या जागेचं नाव उघाडी. आता बाहेरची माणसंसुद्धा म्हणतात, उघाडीपाशी गाठ पडली होती.

पुढच्याच साली, ऑगस्ट 2019 मध्ये, कृष्णा आली. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आमच्या रानाचं एवढंच की नदी आधी काठावरून आलीच नाही, ती उघाडीतून उलटी आली. पाइपाला झडप नव्हती. खालून बुडबुडे येत रान भिजताना वहिनीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. झडपेशिवाय कसली उघाडी? खारेपाटात हे शेंबड्या पोराला कळतं. आमच्या आराखड्यात कुणाला सुचलं नव्हतं. दोन दिवसांनी वरूनही पाणी आलं तेव्हा तो विचार निरर्थक झाला. सोयाबीन दहा दिवस पाण्याखाली होतं. मुळांना हवा मिळाली नाही की गाठी कुजतात. पाणी उतरल्यावर उभ्या रोपांना नासक्या अंड्याचा वास येत होता.

पण पाणी उतरताना उघाडी महिनाभर वाहत होती, रात्रंदिवस, मनगटाएवढी. एवढ्या गोड्या पाण्यानं रान भिजवून, धुऊन काढायला आमच्या पाचसहाशे मिलिमीटर पावसाला कित्येक वर्षं लागली असती. पुढच्या चैत्रात आम्ही सगळे मुद्दाम पहाटे गेलो. पांढरं होतं, पण तुकड्या-तुकड्यांनी, अंगावरचा नायटा विरत जावा तसं. ज्या पाण्यानं गावातल्या लोकांना घराबाहेर काढलं त्याचे आभार मानायला जीभ धजत नाही, आम्ही ते कुणाजवळ बोललोही नाही. नानांनी चिमूट चाखली. थुंकले. काही बोलले नाहीत, पण मिशीवरून हात फिरवताना तोंड वाईट नव्हतं.

मग सावकाश एकेक. ताग पुन्हा गाडला, जिप्सम पुन्हा टाकलं, या खेपेला उठवलेल्याला दार होतं. ऊस तिथं नको असं नाना स्वतः म्हणाले, जन्मभर उसावर जगलेला माणूस. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर, पुन्हा पेरणी गेली. तोवर झडप बसवली होती, ती नदीनं काठावरून येऊन कुचकामी ठरवली. त्यानंतरच्या हंगामात वहिनीनं बियाण्याचे शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवून बघितले, नव्वद निघाले. पाभर लावलीच नाही. रुंद वरंबे करून बायकांनी टोकण केली, दोन दोन दाणे, कारण वरंब्यावर साय धरत नाही आणि कोंबाची मान मोडत नाही. घात येईपर्यंत नानांनी कुणाला रानात पाऊल टाकू दिलं नव्हतं. आठव्या दिवशी ओळी दिसल्या. तुटक होत्या, मधल्या पट्ट्यात तर दात पडल्यासारख्या, पण ओळी म्हणण्याजोग्या.

फुलं येताना मी रजा काढून गेलो. मधल्या पट्ट्यातलं एक रोप नानांनी ओल धरून अलगद उपटलं, मुळं ओढ्याच्या पाण्यात हलवून धुतली. मुळांवर मोहरीपासून मटकीएवढ्या गाठी, मी मोजल्या, तेवीस. वरच्या रानातल्या झाडाला साठ-सत्तर असतात. नानांनी एक गाठ नखानं फोडून माझ्यापुढं धरली. आतून गुलाबी होती, तान्ह्याच्या हिरडीसारखी. गुलाबी म्हणजे गाठ जिवंत, हवेतलं नत्र ओढतेय. पांढरी किंवा हिरवी निघाली की समजायचं, नुसती शोभेला आहे. आपल्या रक्तात असतो त्याच जातीचा तांबडा पदार्थ त्या गाठीत असतो, हे मी कुठंतरी वाचलं होतं, ते नानांना सांगितलं. त्यांनी दुसरी गाठ फोडली, मग तिसरी. वहिनी म्हणाली, पुरे आता, झाडाला राहू द्या काहीतरी. झाड तर उपटलेलंच होतं.

धान्य किती झालं ते सांगण्यासारखं नाही. भावाचं तर विचारूच नये. पुढं 2024 च्या हंगामात सरकारचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याखालीच सौदे निघत होते. मीठ काढायला दार सापडलं, या भावाला अजून सापडायचं आहे. तरी नानांनी त्या सुधारलेल्या रानातल्या पहिल्या सोयाबीनची पायली बाजूला काढून ठेवली. आजीच्या उसळीचा विषय निघाला. या वेळी वहिनीनं ती कोकणी पद्धतीनं, खोबरं आणि कोकम घालून केली. सगळ्यांनी खाल्ली. बरी होती.

जेवून आम्ही उघाडीपाशी जाऊन बसलो. परतीचा पाऊस होऊन गेला होता, धार बारीक पडत होती. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत, वाकायला त्रास होतो, म्हणून वहिनीनं पेल्यात धरून पाणी दिलं. त्यांनी जीभ लावली.

"हाय अजून. पर लई कमी."

मी म्हटलं, इथून ओढा, ओढ्यातून कृष्णा, मग आयर्विन पुलाखालून हरिपूरचा संगम, नरसोबाची वाडी, पुढं कर्नाटक. आपलं मीठ खालच्या गावांच्या पाण्यात चाललंय, हे बोलून दाखवायचं माझ्या मनात होतं, पण जेवण झालेलं होतं आणि सगळे खूश होते.

"आणि मग समुद्र," वहिनी म्हणाली.

नानांनी पेला उपडा केला. "कशाचा समुद्र. मधी अलमट्टीचं धरण हाय की."